बांधलेले हात, धरलेले हात

जोडीनें करावयाचें पाश्चात्य नृत्य म्हणजे सुखवस्तु लोकांचा विलास, अशी आपणांपैकीं पुष्कळांची समजूत असेल. परंतु या नृत्याच्या इतिहासांतील एक अध्याय इस्पितळांत घडला आहे. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अठराव्या शतकांत युरोपांतील मनोरुग्णांस साखळदंडांनीं जखडून ठेवण्याची रीत सर्रास होती. १७९६ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें विल्यम ट्यूक या व्यापाऱ्यानें ‘रिट्रीट’ ही संस्था उघडली आणि रुग्णाशीं ममतेनें वागणें हाच उपचार होय, हें तत्त्व अमलांत आणलें. १८३९ सालीं लंडनजवळच्या हॅनवेल येथील इस्पितळांत डॉ. जॉन कोनोली यांनीं रुग्णांस बांधण्याचीं साधनें बंद केलीं. हात मोकळे झाले. आतां त्यांना काम काय द्यावयाचें? शेत, शिवण, संगीत आणि नृत्य हीं त्या प्रश्नाचीं उत्तरें होतीं.

वुस्टरजवळील पोविक येथील इस्पितळांत १८७९ पासून पांच वर्षें रुग्णांच्या नृत्यासाठीं बँड चालविणारा तरुण पुढें जगद्विख्यात संगीतकार झाला. तो एडवर्ड एल्गार. इस्पितळाचे सेवक हेच त्याचे वादक. कोणी फ्लूट वाजवी, कोणी कॉर्नेट, कोणी व्हायोलिन. या विजोड मेळ्यास साजतील असे पोल्का व क्वाड्रिल तो स्वतः रची.

क्वाड्रिलमध्यें चार जोड्या चौकोनांत उभ्या राहतात. प्रत्येकानें आपली पाळी ओळखावयाची, क्रम ध्यानांत ठेवावयाचा आणि नेमक्या क्षणीं हात पुढें करावयाचा. एक चुकला तर साराच चौकोन विस्कटतो. ज्याच्या शब्दावर एरवीं कोणी विश्वास ठेवीत नसे, त्याच्यावर तेवढा वेळ सात माणसें विसंबून राहत.

अर्थात् नृत्यानें वेड बरें होई, असें म्हणतां येणार नाहीं. शांत रुग्णांनाच तेथें प्रवेश मिळे. त्यामुळें नृत्याची परवानगी हें बक्षीस ठरे आणि नकार ही शिक्षा. बँड थांबला कीं स्त्रीपुरुष आपापल्या वॉर्डांत परत जात.

या कल्पनेस उपचारशास्त्राचें रूप पुढें अमेरिकेंत आलें. १९४२ सालीं मॅरियन चेस ही नर्तकी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स इस्पितळांत काम करूं लागली. ती रुग्णांस वर्तुळांत घेई आणि मुक्या झालेल्या रुग्णाची हालचाल आपल्या अंगानें उचलून त्याला जणूं उत्तर देई. १९६६ सालीं अमेरिकन नृत्योपचार संघ स्थापन झाला, त्याची ती पहिली अध्यक्ष.

२००७ सालीं सेंट लुइस येथील संशोधकांनीं पार्किन्सनच्या १९ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींनीं जोडीनें टँगो केला, कांहींनीं तितकेच तास व्यायाम. टँगो करणाऱ्यांचा तोल अधिक सुधारला. प्रयोग लहान होता. पण थांबणें, वळणें, मागें पाऊल टाकणें या रुग्णांस जें कठीण, तेंच टँगोंत पुनःपुन्हां करावें लागतें.

आपल्या घरीं आजाऱ्याची सेवा मनोभावें होते. परंतु त्याच्याकडून आपणांस कांहीं हवें आहे, असें त्याला क्वचितच भासतें. नृत्यांतील जोडीदार मात्र त्याचा हात आपल्याही आधारासाठीं धरतो. रुग्णास बरें वाटण्याचें एक कारण बहुधा हेंच असावें.