ठिणगी वाटणारी डबी

आपल्याकडे ट्रक म्हणजे डिझेल, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर आपल्या ओळखीचा तो ॲम्बेसेडर, पद्मिनीच्या बॉनेटखालचा. अमेरिकेतले पिकअप ट्रक मात्र पेट्रोलवरच वाढले, आणि या डबीचं घराणंही तिकडचंच, ओहायोतल्या डेटनचं.

तिथे कॅश रजिस्टरच्या कारखान्यात नोकरी करणारे चार्ल्स केटरिंग कामानंतर एडवर्ड डीड्स यांच्या कोठारात खटपट करत. त्या काळच्या थरथरत्या कॉइली ठिणग्यांचा सडा घालत आणि बॅटरी खाऊन टाकत. केटरिंगनी नेमक्या क्षणी एकच जोरकस ठिणगी पाडली. 1909 मध्ये डेल्को कंपनी निघाली, 1910 च्या कॅडिलॅकवर ही इग्निशन बसली. पुढे सहा दशकं तत्त्व तेच राहिलं: पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, हजारो व्होल्ट उसळतात, आणि क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरणारा रोटर ते पाळीपाळीनं प्लगांना देतो.

पॉइंट झिजत, पण आधी कुरकुर करून. गाडी मिसिंग मारू लागली की पॉलिश पेपर आणि फीलर गेज काढायचा. 1975 मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या गाड्यांतून पॉइंट काढून पिकअप कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. माझ्या मते दुखणं बरं झालं नाही, नुसतं सरकलं, आणि मुकं झालं. तापलेलं मॉड्यूल दगा देतं, ट्रक चढावर बंद पडतो, आणि थंड झाल्यावर काही घडलंच नाही अशा थाटात सुरू होतो.

म्हणून जनरल मोटर्सच्या अशा जुन्या शेव्हीत (शेव्हर्ले ट्रकमध्ये) ठिणगी नसेल तर थेट मॉड्यूल विकत आणू नये. आधी डिस्ट्रिब्यूटरपर्यंत 12 व्होल्ट पोचतात का ते पाहावं. मग पिकअप कॉइलचा रोध मोजावा. 500 ते 1500 ओहम ठीक. मीटर लावलेला असतानाच व्हॅक्यूम ॲडव्हान्सची प्लेट हलवून पाहावी, कारण वर्षानुवर्षं मागेपुढे होऊन तिथली वायर आतल्या आत तुटते. वरचं आवरण शाबूत दिसतं. रोटरही उलटा करून बघावा. मधोमध काळं छिद्र असेल, तर ठिणगी प्लगऐवजी शाफ्टमध्ये उतरते आहे. मॉड्यूल बदललंच तर त्याखाली सिलिकॉन ग्रीस हवं, नाहीतर नवंही जळतं.

डिस्ट्रिब्यूटर उपसण्याआधी रोटरच्या तोंडाची खूण करावी. गिअरचे दाते तिरके असल्यानं वर ओढताना रोटर फिरतो. परत बसवताना खालचं टोक ऑइल पंपाच्या दांड्यात सापडलं नाही, तर डबी थोडी वरच अडते. तिथे बोल्ट आवळून जबरदस्ती करू नये. दांडा लांब स्क्रूड्रायव्हरनं जरा वळवावा.