पावसाचा अंदाज आणि गावाचं काम



मागे एका जूनमध्ये आमच्या शिवारात नाल्यावर मातीचा बांध घालायचं काम चालू होतं. आमच्या बचत गटातल्या नऊ-दहा जणी त्या कामावर होत्या. भर वर चढत होती, पण सांडवा काढायचा राहिला होता. बांधामागे जास्तीचं पाणी आलं तर ते बाजूनं निघून जावं म्हणून सांडवा असतो, हे मातीकाम केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. 'तो पुढच्या आठवड्यात काढू' असं ठरलं होतं. गुरुवारी दुपारी एकीच्या मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा आला: जिल्ह्यात मुसळधार पाऊस. आम्ही तो वाचला, एकमेकींना दाखवला आणि पुन्हा पाटी उचलली. आधी सांडवा काढायचा की भरच टाकत राहायची, हे ठरवायचा अधिकार आमच्याकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्यापर्यंत निरोप गेला नाही.

शनिवारी रात्री बांध फुटला. ज्या खड्ड्यांतून माती काढली होती त्यांचं मोजमाप अजून व्हायचं होतं. ते पाण्यानं भरले. मजुरी तर मोजमापावर. ती हातात यायला फार दिवस लागले, आणि आली ती कमी आली.

त्या महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "पाऊस सांगणारं खातं सरकारचं, काम काढणारं खातंही सरकारचंच. मग याचं त्याला का कळत नाही?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला दीडशे वर्षं मागे जावं लागलं. आज तेच सांगणार आहोत.

भारतीय हवामान खातं सुरू झालं १८७५ मध्ये. त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं होतं, आणि पुढं १८६६ आणि १८७१ मध्ये पावसानं दगा दिला होता. हेन्री ब्लॅनफर्ड हे खात्याचे पहिले प्रमुख. खातं जेमतेम वर्षाचं होतं तोवर १८७६ उजाडलं आणि दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, सातारा, नगर, पुणे, विजापूर या भागांत पिकं करपली. पुढची दोन वर्षं लोकांनी जे भोगलं ते जुन्या माणसांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं.

तेव्हा सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, कालवे. नीरेचा डावा कालवा त्याच वेळी दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. बारामतीकडच्या उसाला त्याचं पाणी आजही मिळतं. कामावर बाया होत्या, पोरं होती. खर्च वाढतो म्हणून सर रिचर्ड टेम्पल या अधिकाऱ्यानं मजुरी कापली. धान्यासाठी माणशी रोज एक पौंडाचा, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी असा हिशेब धरला. त्यावर १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केले. पोटात अन्न नसताना लोकांनी काम सोडलं, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात आम्हाला भेटली नव्हती.

त्या दुष्काळानंतर सरकारनं दोन गोष्टी केल्या. दोन्ही नीट लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट अंदाजाची. पुढच्या मोसमाचा पाऊस आधी सांगता येईल का, याचा ब्लॅनफर्ड अभ्यास करू लागले. हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा पाऊस कमी होतो, असं त्यांना दिसलं. काही वर्षं कच्चे अंदाज करून पाहिल्यावर ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला नियमित अंदाज निघाला.

दुसरी गोष्ट कामांची. दुष्काळ आयोगानं १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळाची नियमावली तयार झाली. तिच्यातली मोठी शहाणी गोष्ट अशी, की दुष्काळ पडल्यावर कामं शोधत बसायचं नाही. कोणत्या जिल्ह्यात कोणती कामं काढता येतील याची यादी चांगल्या वर्षातच करून ठेवायची. दुष्काळाची चाहूल कशी ओळखायची? धान्याचे भाव चढले, लोक गाव सोडून हिंडू लागले, भिकारी वाढले, की समजायचं. मग एखादं काम चाचणीसाठी उघडायचं. लोक आले तर संकट खरं.

अंदाज एका कचेरीत आणि कामांची यादी दुसऱ्या कचेरीत, अशी ही दोन खाती आमच्या मते तिथपासूनच वेगळी चालत आली.

अर्थात अंदाजावर सगळं सोपवलं असतं तरी भलं झालं असतं असं नाही. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर जॉन एलियट आले. १८९९ साली त्यांच्या अंदाजात पाऊस चांगला होता. प्रत्यक्षात तो गेला. संवत १९५६ चा म्हणून त्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतात. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत, वऱ्हाड, दख्खन, सगळीकडे हाहाकार झाला. वर्तमानपत्रांनी खात्यावर टीकेची झोड उठवली. पुढं काही वर्षं हा अंदाज लोकांपुढे न मांडता गुप्त ठेवला गेला. म्हणजे चुकीचा इलाज म्हणून लोकांना सांगणंच बंद केलं. त्यानंतरचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या देशांतल्या हवेचा दाब आणि आपला पाऊस यांचा संबंध शोधला. आज 'एल निनो' हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो, त्या अभ्यासाची एक वाट तिथूनच निघते.

खात्याचं मुख्य ठाणं १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. पुण्याला गेलात तर शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' हे नाव अजून ऐकाल. ते याच कचेरीवरून पडलं. अॅना मणी या शास्त्रज्ञ बाईंनी १९४८ पासून पुण्यात याच खात्यात काम केलं. पाऊस, वारा, ऊन मोजायची उपकरणं परदेशातून न आणता आपल्याकडेच बनावीत, म्हणून त्या झटल्या. आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रं रेडिओवरून लोकांच्या भाषेत जाऊ लागली. आज आम्ही रेडिओवर बोलतो आहोत, त्यामागे तीही परंपरा आहे.

कधीकधी तर अंदाजाचीही गरज नसते, नुसतं पंचांग पुरतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. पानशेतचं काम पुरतं झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं होतं. जुलैत पाऊस येणार हे कुणाला सांगायला लागतं? अर्धवट काम आणि भरात आलेला पाऊस यांची गाठ पडू द्यायची नसते. आमचा बांध एवढासा आणि पानशेत केवढं मोठं, पण धडा एकच.

मग १९७२ आला. तो आपल्या आई-सासूंनी पाहिलेला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. सुकडी खाऊन बाया खडी फोडत होत्या. जिथं काम आधी आखलेलं होतं तिथं पाझर तलाव झाले, नालाबांध झाले. जिथं आखलेलं काम हाताशी नव्हतं तिथं खडी फोडण्यावर भागवावं लागलं. घाम दोन्हीकडे सारखाच गेला. एकीकडे पाणी साठवायची सोय झाली, दुसरीकडे रस्त्याकडेला दगडांचे ढीग.

त्याआधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या पुढाकारानं तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. तीच कल्पना पुढं राज्यभर गेली. १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. त्यात एक तृतीयांश बाया, कामावर सावली आणि पाणी, आणि कामांचा आराखडा ग्रामसभेत, हे सगळं लिहिलं गेलं. कामं आधी ठरवून ठेवायची ही जुनी गोष्ट इथं ग्रामसभेच्या, म्हणजे आपल्या हातात आली.

आणि अंदाज? तोही आता गुप्त राहिला नाही. एप्रिलमध्ये आणि मेच्या शेवटी पूर्ण मोसमाचा अंदाज येतो. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा येतो. जिल्ह्याचा पाच दिवसांचा रोज पाहता येतो. इशाऱ्याला रंग आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे पावलं उचला. विजेसाठी पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेलं 'दामिनी' ॲप आहे.

मुसळधार म्हणजे किती, तेही ठरलेलं आहे: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं. ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मुसळधार पावसात एका गुंठ्यावर साडेसहा हजार लिटर पाणी पडतं. आता आपल्या नाल्याला किती गुंठ्यांचं पाणी येतं ते मोजा, म्हणजे सांडवा आधी का काढायचा ते कळेल.

हे सगळं असूनही आमचा बांध फुटला. कारण अंदाज मोबाईलवर होता आणि कामाचा निर्णय कागदावर.

पुढच्या वर्षी आम्ही एक वही केली. एकीकडे अंदाज, एकीकडे काम, एकीकडे प्रत्यक्ष काय झालं. वहीतून एक अडचण पुढं आली. एकदा इशारा आला म्हणून दोन दिवस काम बंद ठेवलं आणि थेंब पडला नाही. दोन दिवसांची मजुरी बुडाली. घरी काहींना बोलणी बसली. एक जण म्हणाली, "यापेक्षा भिजलो असतो तर बरं." तिचं चुकलं नव्हतं. एलियटांचा अंदाज चुकला तेव्हा त्यांचा पगार थांबला नाही. किंमत रानातल्या माणसानं दिली. आजही अंदाज चुकला तर ती आपल्याच पदरातून जाते. म्हणून नुसतं 'इशारा आला की काम थांबवा' म्हणणं सोपं आहे. थांबलेल्या दिवसाचं काय, हे आधी ठरायला हवं.

त्यावर आम्ही जुन्या नियमावलीचीच युक्ती केली, यादी आधी करायची. ग्रामसभेत कामांच्या तीन याद्या मांडल्या. कोरड्या दिवसांची कामं: खोदाई, भर, गाळ काढणं. मेअखेर ती पुरी झाली पाहिजेत, आणि कोणत्याही बांधाचा सांडवा भर चढायच्या आधी. पावसाच्या दिवसांची कामं: रोपवाटिका, पिशव्या भरणं, झाडं लावणं. इशारा आला तर बायांनी घरी न जाता या कामावर जायचं, म्हणजे खाडा पडत नाही. तिसरी यादी उन्हाच्या दिवसांची. काम सकाळी लवकर सुरू करायचं, दुपारच्या आत थांबायचं, आणि जिथं सावली जवळ आहे तिथलंच घ्यायचं. शिवाय एक ठराव: मुसळधारचा इशारा आला की पाऊस पडायच्या आत खड्ड्यांचं मोजमाप व्हावं.

सगळं मान्य झालं असं सांगणार नाही. तिन्ही याद्या आराखड्यात आल्या, पण मोजमापाचा ठराव अजून कागदावरच आहे. मोजायला येणारा माणूस एक आणि गावं पुष्कळ. त्यासाठी आम्ही अर्ज देतोच आहोत.

तुमच्या गटाला आमचं सांगणं एवढंच. पुढच्या बैठकीत दोघींची नावं ठरवा. एकीनं रोज संध्याकाळी जिल्ह्याचा अंदाज पाहायचा. दुसरीनं तो निरोप ग्रामरोजगार सेवक आणि सरपंच यांना द्यायचा आणि निरोप दिल्याची वेळ वहीत लिहायची. वेळ लिहिलेली असली की 'आम्हाला कळलंच नाही' असं कुणाला म्हणता येत नाही. आणि आराखड्याच्या ग्रामसभेला जाताना ती वही बरोबर न्या. आम्ही नेली होती. आजींनी ती सरपंचांच्या टेबलावर उघडून ठेवली आणि म्हणाल्या, "हे वाचा, मग सही करा."

येतो आम्ही. नमस्कार.