कलम ३७ ची महिनाभराची मुदत आणि तिच्यामागचा इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या गावातल्या मैदानाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

परवाच्या पेपरात आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत, आपल्या नगरपरिषदेची एक जाहीर सूचना आली आहे. भिंग घेऊन वाचावी लागते. 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम ३७ अन्वये' अशी सुरुवात. मतलब एवढाच, की विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवलेली जागा आरक्षणातून वगळून रहिवास विभागात घ्यायची आहे. हरकत असेल तर एक महिन्यात कळवा. ठराव सर्वसाधारण सभेत 'ऐनवेळच्या विषयात' मंजूर झालाय. अजेंड्यावर तो नव्हता.

दोन दिवसांत बऱ्याच जणांनी विचारलं, "आता काय होणार, झालंच की पास." नाही झालं. का नाही, ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्त्यांमुळे रोग फोफावतो हे सरकारच्या डोक्यात बसलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले. मग आला १९१५ चा बॉम्बे टाऊन प्लॅनिंग अ‍ॅक्ट, या विषयावरचा देशातला पहिला कायदा. एखाद्या भागातल्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेल्या जमिनीचे नीट प्लॉट पाडून मालकांना परत द्यायचे, अशी ती योजना. 'फायनल प्लॉट नंबर' हा शब्द कागदपत्रांत दिसतो तो तिथूनच आला. पण हे सगळं तुकड्यातुकड्याने चालायचं. अख्ख्या शहराचा आराखडा करणं नगरपालिकांवर बंधनकारक झालं ते १९५४ च्या कायद्याने. त्याची जागा १९६६ च्या कायद्याने घेतली, आणि आज आपण ज्याला 'डीपी' म्हणतो तो याच कायद्याखाली होतो.

या कायद्याचं मला आवडणारं अंग म्हणजे त्यात लोकांना बोलायला जागा ठेवलेली आहे. प्रारूप आराखडा आधी प्रसिद्ध करायचा, हरकती मागवायच्या, समितीने सुनावणी घ्यायची आणि मगच तो शासनाकडे मंजुरीला पाठवायचा. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा हरकतींचा पाऊस पडल्यावर एप्रिलमध्ये शासनाला रद्द करावा लागला, तो नव्याने करायला लावला आणि अखेर मंजूर झाला २०१८ मध्ये. म्हणजे 'कोण वाचतंय आपला अर्ज' हे दर वेळी खरं नसतं.

आराखडा एकदा मंजूर झाला की तो दगडावरची रेघ असतो, असं मात्र नाही. त्यात फेरबदलाची वाट म्हणजे कलम ३७. पालिकेने ठराव करायचा, राजपत्रात सूचना द्यायची, एक महिना हरकती घ्यायच्या, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना वेगळी नोटीस द्यायची आणि मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. शासन नगररचना संचालकांचं मत घेतं आणि अखेरचा निर्णय शासनाचाच. वर एक अट आहे, फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. म्हणून सांगतो, ठराव ही पहिली पायरी आहे.

(आपल्याकडे 'एनए करून घेतलं' आणि 'झोन बदलून घेतला' हे एकाच अर्थाने बोलतात. एनए म्हणजे जमिनीच्या बिनशेती वापराची बाब, ती महसूल कायद्यातली. झोन किंवा आरक्षण बदलणं ही नगररचनेची बाब. दोन्हीचे कागद वेगळे.)

ही पायरी गाळली तर काय होतं, हे पुण्यात दिसलं. प्रभात रोडला एक फायनल प्लॉट १९८७ च्या आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. नव्वदच्या दशकात ते आरक्षण दुसरीकडे हलवलं गेलं आणि तिथे दहा मजली इमारत उभी राहिली. बांधणारे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई. एक पत्रकार आणि एक नगरसेवक हायकोर्टात गेले. जानेवारी १९९९ च्या अखेरीस जोशींनी पद सोडलं, मार्चमध्ये हायकोर्टाने आरक्षणाचा बदल रद्द ठरवला. ऑक्टोबर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. कोर्टाचं म्हणणं साधं होतं : कलम ३७ ची रीतसर प्रक्रिया न करता पोटनियमाच्या आडून आरक्षण हलवता येत नाही. मुख्यमंत्र्यांच्या घरचं काम असलं तरी नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे प्रकरण लावून धरलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

उलटं उदाहरण गिरणगावचं. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीची नाही! काही ओळींचा बदल, पण गिरण्यांची बहुतेक जमीन शेडखालीच होती. जनहित याचिका आली ती २००५ साली. हायकोर्टाने ती मान्य केली, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती वैध ठरवली. तोवर मधली चार वर्षं गेली होती.

आता मालकाची बाजू. ती सांगितली नाही तर अन्याय होईल. आरक्षण पडलेली जमीन म्हणजे घरात असून नसल्यासारखी. बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही, पालिकेकडे मोबदल्याला पैसे नाहीत, आणि यात एक अख्खी पिढी म्हातारी होते. यासाठी कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालकाने खरेदीची नोटीस द्यायची. मुदतीत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. ही मुदत आधी ६ महिने होती, २००९ मध्ये १२ झाली, २०१५ पासून २४ आहे. आणि नुसती पत्रापत्री म्हणजे पावलं नव्हेत, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलंय.

मग आपल्या मैदानाच्या मालकाने १२७ ची नोटीस दिली होती का? मी नगरपरिषदेत विचारलं. नाही. फेरफार काढून बघितला, तर दोन वर्षांपूर्वी जागा विकली गेलीय. ज्या शेतकरी कुटुंबाने तीस वर्षं आरक्षण सोसलं, त्याने आरक्षणाच्या पडेल भावात विकली. आणि आता ज्याने घेतली त्याच्यासाठी नगरपरिषद स्वतःहून ठराव करतेय. सोसलं एकाने, उठलं दुसऱ्याचं. ठरावात कारण काय दिलंय? 'जागेची आवश्यकता नाही.' गावात दुसरं मैदान कुठलं, ते ठरावात लिहिलेलं नाही.

हरकत साध्या कागदावर, मराठीत, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. सूचनेची तारीख, सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक टाका. पर्यायी मैदान कुठे देणार ते विचारा. 'सुनावणीला समक्ष बोलवावे' हे वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता मैदानावरच भेटू. सूचनेची झेरॉक्स आणि कोरे कागद मी आणतो.