मैहरचा बँड

मुंबईहून काशीयात्रेस निघालेला मराठी प्रवासी जबलपूर आणि कटनी मागे टाकून सतन्याकडे जाऊ लागला, की मध्ये मैहर नावाचे एक स्थानक लागते; शारदामातेचा नवस फेडावयाचा असेल तर तो तेथे उतरतो, एरवी वळकटीवर मान टाकून झोपी गेलेला असतो. मीही कित्येक वर्षे ते गाव असाच झोपेत ओलांडीत आलो. पुढे एकदा मातेच्या टेकडीच्या हजारावर पायऱ्या उतरून, पोटऱ्या चोळीत गावात विसावलो असता, सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम आणि तबला यांच्या मेळातून मधूनच एक विलक्षण धातुमय, पण अत्यंत मृदू असा नाद उमटताना ऐकला. आणि ज्या वयात माणसाने कोणाच्या प्रेमात पडू नये असा लोकाचार आहे, त्या वयात मी त्या वाद्यमेळाच्या प्रेमात पडलो.

गावकरी त्याला बँडच म्हणतात, सरकारी दप्तरात तो वाद्यवृंद झाला आहे. बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल डगले आणि पितळी कर्णे उभे राहतात, म्हणून आधीच सांगतो की या मंडळींत तसले काही नाही. समोर स्वरलिपीचा कागद नाही, ध्वनिवर्धकाची गरज नाही. एखाद्या रागातील गत सगळे मिळून उचलतात, ती लयीत चढत जाते, आणि श्रोता मांडी ठोकून नीट बसतो न बसतो तोच संपते.

हा मेळ उभा केला तो उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी. आज ब्राह्मणबारिया या बांगलादेशातील जिल्ह्यात असलेल्या शिबपूरचा हा मुलगा संगीताच्या वेडाने घर सोडून कलकत्त्यास पळाला, तेथे गायन शिकला, वाद्यांमागून वाद्ये हस्तगत करीत गेला, आणि लोबो नावाच्या एका गोमंतकीय बँडमास्तरापाशी त्याने पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन आत्मसात केले. पोटासाठी त्याने नाटकगृहातील वादकांत बसून साथ केली. पुढे रामपूरच्या दरबारातील बीनकार वजीर खाँ यांचे शिष्यत्व त्यांना लाभले आणि तानसेनाच्या परंपरेची विद्या हाती आली, हे सर्वश्रुत आहे. परंतु माझी आपली समजूत अशी, की या बँडचे बीज पडले ते रामपूरच्या गादीलोडांवर नव्हे, तर कलकत्त्याच्या त्या नाटकगृहात. आपल्या गंधर्वांच्या रंगभूमीवर सारंगीच्या शेजारी ऑर्गन सुखाने नांदला, तो काळही याच्या फार पुढेमागे नव्हता.

राजा ब्रिजनाथसिंह यांनी खाँसाहेबांना दरबारी वादक म्हणून मैहरास ठेवून घेतले, तो सुमार १९१८ चा. त्याच साली आपल्याकडे लोक जिला मानमोडी म्हणत, त्या तापाच्या साथीने हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे नेली. साथींनी पोरकी केलेली मुले खाँसाहेबांनी, म्हणजे सर्वांच्या बाबांनी, गोळा केली आणि त्यांच्या हाती वाद्ये दिली. ज्या काळी खानदानी उस्ताद एखादी दुर्मिळ बंदिश जावयासाठी राखून ठेवीत आणि परक्या शिष्याला वर्षानुवर्षे चिलमी भरावयास लावीत, त्या काळी ज्यांना कूळ सांगावयास माणूस उरले नव्हते अशा पोरांपुढे ही विद्या मोकळी करण्यात आली, याचे महत्त्व संगीताच्या इतिहासकारांनी पुरते ओळखलेले मला दिसत नाही. बाबा शीघ्रकोपी होते आणि त्यांच्या शिस्तीचा धाक मोठ्या शिष्यांनाही असे. तेव्हा या मुलांचे शिक्षण केवळ मायेने झाले असे मी म्हणणार नाही. पण सारे मुखोद्गत करून घेण्याची ती तालीम इतकी पक्की होती, की मूळ गती कानामागून कान अशा पुढच्या पिढ्यांत उतरत गेल्या.

आणि तो धातुमय नाद? त्याचे नाव नलतरंग. बंदुकांच्या नळ्या लहानमोठ्या लांबीच्या कापून बाबांनी त्या स्वरानुक्रमे मांडल्या, आणि जलतरंगाच्या पेल्यांप्रमाणे काड्यांनी वाजवावयास दिल्या. संस्थानांच्या शिलेखान्यांतली हत्यारे पुढे संग्रहालयांत गेली, काही भंगारात गेली. काही नळ्यांना मात्र रागदारी शिकण्याचे भाग्य लाभले.

रविशंकर १९३८ साली येथे शिकावयास आले. १९४९ नंतर त्यांनी दिल्लीस आकाशवाणीचा वाद्यवृंद सांभाळला, तेव्हा मैहरातले हे सामूहिक वादन त्यांच्या कानी असणारच. तिमिरबरन यांनी उदयशंकरांच्या नृत्यपथकासाठी वाद्यमेळ बांधला, तेही बाबांचेच शिष्य. आपले व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनीही बाबांपाशी तालीम घेतली; कन्या अन्नपूर्णादेवींनी उत्तरायुष्य मुंबईत काढले. शिष्यांची कीर्ती दिगंतात पोहोचली, आणि मैहर घराण्याचे नाव घेताना लोकांना सतार आणि सरोद आठवू लागले. बँड राहिला मागे, तळटीपेपुरता. हा मला अन्याय वाटतो. एकल वादनात बाबांनी परंपरा पुढे नेली, पण बँडात त्यांनी आधी नव्हते असे काही घडवले.

संस्थान १९४८ मध्ये विंध्य प्रदेशात विलीन झाले आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आले. राजाश्रय गेला, सरकारी आश्रय आला. बाबा ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहरातच वारले. शारदामातेच्या या निष्ठावंत मुसलमान भक्ताची कबर त्यांच्या मदिना भवनातच, पत्नीशेजारी आहे.

तेव्हा काशीच्या वाटेवर मैहर आले की एकदा जागे राहा आणि उतरा. देवीचे दर्शन घ्या, आणि परतताना बँडाची चौकशी करून एखादी गत ऐकून या. गत लहान असते, पुढची गाडी चुकत नाही.