'सनीसाइड' : लेखकाचे घर, ग्रामीण नाताळ आणि परंपरेची जडणघडण

प्रस्तावना

साहित्यिकांच्या वास्तूंचे जतन हा सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासाचा एक मान्य विषय आहे. सुट्टीच्या दिवसांत, विशेषतः नाताळच्या सुमारास, शहर सोडून खेड्याकडे जाणे आणि वाटेत एखाद्या दिवंगत लेखकाचे घर पाहणे, हा इंग्लंड-अमेरिकेतील सुशिक्षित वर्गाचा जुना परिपाठ आहे. वरवर पाहता हा निव्वळ विरंगुळा वाटतो. परंतु अशा भेटीत प्रेक्षकाला जो 'भूतकाळ' दाखविला जातो तो कोणी, केव्हा आणि कशासाठी रचला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग (१७८३-१८५९) यांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. ग्रामीण नाताळाचे शब्दचित्र रेखाटणारा लेखक, इतर लेखकांच्या घरांचा चोखंदळ प्रवासी आणि स्वतःच्या हयातीतच ज्याचे घर प्रेक्षणीय स्थळ बनले असा गृहस्थ, या तीनही भूमिका त्यांच्या ठायी एकत्र आल्या. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी असलेले 'सनीसाइड' हे त्यांचे घर आणि त्यांचे लेखन यांचा एकत्रित विचार केल्यास, जुनेपणा हा वारशाने जसाच्या तसा मिळत नसून तो घडवावाही लागतो, हे स्पष्ट होते. घडविताना काय वगळले गेले याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य हेतू आहे.

ग्रामीण नाताळाचे चित्र

आयर्विंग यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील एका व्यापारी कुटुंबात झाला. वडील ऑर्कनी बेटांतून आलेले आणि कडव्या प्रेस्बिटेरियन वळणाचे होते. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट समाजाच्या एका मोठ्या भागात त्या काळी नाताळाला फारसे स्थान नव्हते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास दंड करण्याचा कायदा होता. घरगुती जिव्हाळ्याचा, मुलाबाळांचा आणि पाहुण्यांचा सण ही नाताळाची ओळख अमेरिकेत प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात रुजली. संघीय पातळीवर या दिवसाची सुट्टी १८७० मध्ये मान्य झाली.

१८१५ मध्ये आयर्विंग इंग्लंडला गेले. १८१८ मध्ये कौटुंबिक व्यापाराचे दिवाळे निघाले आणि लेखणी हेच चरितार्थाचे साधन उरले. अशा विपन्नावस्थेत 'द स्केच बुक' हा लेखसंग्रह १८१९-२० मध्ये सात भागांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचव्या भागात नाताळावरील लेखमाला आहे. निवेदक यॉर्कशायरमधील ब्रेसब्रिज या जमीनदाराच्या वाड्यावर सण घालवितो, अशी तिची रचना आहे. घोडागाडीचा प्रवास, चुलाण्यातील ओंडका, सामुदायिक गाणी, मेजवानीची भली मोठी ताटे आणि नृत्य यांचे त्यातील वर्णन पुढे नाताळाचे प्रमाणचित्र ठरले. चार्ल्स डिकन्स यांनी आयर्विंग यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते, ही बाब या प्रभावाची साक्ष देते.

तथापि हे चित्र भाबडे नाही. ब्रेसब्रिज हा गृहस्थ परंपरेत सहज जगणारा नसून जुन्या ग्रंथांतून प्रथा वेचून त्या पुन्हा सुरू करणारा हौशी माणूस आहे. त्याचा धर्मोपदेशक मित्र पोथ्या धुंडाळून त्याला आधार पुरवितो. पूर्वी त्याने सणात सर्वांसाठी वाडा खुला ठेवण्याचा प्रयोग केला होता. पण गावकऱ्यांना आपली 'भूमिका' ठाऊक नव्हती आणि परिसरातील भटक्यांनी वाडा व्यापून टाकला. तेव्हापासून शेतकऱ्यांपैकी जे 'सभ्य' तेवढ्यांनाच बोलावणे आणि गरिबांना मांस, पाव व मद्य वाटणे एवढ्यावर तो समाधान मानतो. अंगणात जमलेल्या पाहुण्यांपैकी काही तरुण शेतकरी, मालकाची पाठ वळताच, तोंड वेडावून एकमेकांना डोळा मारतात, हेही निवेदकाने टिपले आहे. निवेदकाची नजर आपल्याकडे वळताच मात्र ते गंभीर चेहरा करतात.

हा तपशील महत्त्वाचा आहे. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे 'निर्मित परंपरा' ही संकल्पना इतिहासलेखनात रूढ झाली. स्टीफन निसेनबॉम यांनी १९९६ मध्ये नाताळाच्या अमेरिकन इतिहासावरील ग्रंथात आयर्विंग यांच्या चित्राकडे याच दृष्टीने पाहिले. परंतु जमीनदार आणि रयत यांच्यातील जिव्हाळा हा एक प्रयोग आहे व त्यातील सर्वच पात्रे त्यात मनापासून सहभागी नाहीत, याची जाणीव खुद्द आयर्विंग यांच्या लेखनात आहे. नंतरच्या वाचकांनी ओंडका आणि मेजवानी लक्षात ठेवली. तो डोळा मारणे मात्र विस्मरणात गेले.

लेखकांच्या घरांचा प्रवासी

'द स्केच बुक'मध्येच स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअरच्या जन्मघराच्या भेटीचा लेख आहे. घर दाखविणारी बोलघेवडी वृद्धा अनेक वस्तू पुढे करते : शेक्सपिअरने हरिण मारले ती बंदूक, त्याची तंबाखूची डबी, हॅम्लेटच्या भूमिकेत वापरलेली तलवार. चुलीजवळची त्याची खुर्ची तर इतके भाविक येऊन बसल्यामुळे झिजते, की दर तीन वर्षांनी तिची बैठक बदलावी लागते. आयर्विंग या वस्तूंच्या खरेपणावर विश्वास ठेवत नाहीत आणि वृद्धेशी वादही घालत नाहीत. फसवणूक सुखद असेल आणि तिची किंमत मोजावी लागत नसेल तर तीत सहभागी व्हावे, अशी त्यांची भूमिका आहे. पुढे १८४७ मध्ये ही वास्तू सार्वजनिक वर्गणीतून विकत घेण्यात आली. आयर्विंग यांची भेट त्यापूर्वी सुमारे तीन दशकांची आहे. म्हणजे संस्थात्मक जतनाच्या आधीच साहित्यिक यात्रेचे विधी, अवशेष आणि पुजारी अस्तित्वात आले होते.

१८१७ मध्ये आयर्विंग यांनी स्कॉटलंडमध्ये सर वॉल्टर स्कॉट यांच्या ॲबट्सफर्ड येथील घरी पाहुणचार घेतला. घराचे बांधकाम तेव्हा चालू होते. जुन्या इमारतींचे दगड आणि अवशेष नव्या भिंतींत बसवून स्कॉट आपल्या कादंबऱ्यांना शोभेल असे घर उभारीत होते. लेखक आपल्या साहित्याप्रमाणे आपली वास्तूही रचू शकतो, हा धडा आयर्विंग यांना येथे मिळाला असावा. या भेटीवरील त्यांचे लेखन १८३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःचे घर विकत घेतले.

'सनीसाइड'ची रचना

सतरा वर्षांच्या परदेशवासानंतर १८३२ मध्ये आयर्विंग मायदेशी परतले. ज्या न्यूयॉर्कमध्ये ते वाढले ते ओळखू न येण्याइतके बदलत होते. १८२० मध्ये सुमारे सव्वा लाख असलेली शहराची लोकसंख्या १८५० पर्यंत पाच लाखांच्या पुढे गेली. टॅरीटाऊनचा परिसर त्यांना लहानपणापासून परिचित होता. १७९८ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली तेव्हा त्यांना तेथेच धाडण्यात आले होते. याच भागात त्यांनी नदीकाठचे एक छोटे, दुर्लक्षित दगडी घर घेतले. मुळात ते सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले एका कुळाचे घर होते.

चित्रकार शेजारी जॉर्ज हार्वी यांच्या साहाय्याने आयर्विंग यांनी या घराचा कायापालट केला. डच पद्धतीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती उभारल्या आणि छपरावर जुन्या डच इमारतींवरून मिळविलेले वातकुक्कुट बसविले. स्पेनमधील राजदूतपदाची कारकीर्द (१८४२-४६) संपवून परतल्यावर १८४७ मध्ये स्पॅनिश वळणाचा मनोरा जोडला. भिंतीवरील वेल स्कॉट यांच्या घराजवळील मेलरोझ मठातील रोपापासून वाढविला, असे सांगितले जाते. आतील व्यवस्था मात्र काळाच्या पुढची होती. तळ्यातील पाणी उताराने स्वयंपाकघरापर्यंत येई आणि तेथे पाणी तापविण्याची सोय होती. बाहेरून पुरातन आणि आतून आधुनिक असे हे घर होते.

वास्तूला जुना चेहरा दिल्यावर आयर्विंग यांनी तिला इतिहासही दिला. १८३९ मध्ये त्यांनी 'वुल्फर्ट्स रूस्ट' या लेखात घराचा विनोदी वृत्तान्त लिहिला. जगाला कंटाळून शांतता शोधणारा एक डच सरदार, क्रांतियुद्धातील चकमकी आणि भुताखेतांच्या वदंता यांनी तो सजविला आहे. दस्तऐवज आणि दंतकथा यांची सरमिसळ करण्याची ही हातोटी त्यांनी १८०९ मधील न्यूयॉर्कच्या विडंबनात्मक इतिहासातच सिद्ध केली होती.

या घराची कीर्ती लवकरच पसरली. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांनी १८४१ मधील उद्यानरचनेवरील ग्रंथात त्याची प्रशंसा केली. १८५३ मध्ये अमेरिकन लेखकांच्या घरांवर निघालेल्या सचित्र ग्रंथात त्याला स्थान मिळाले. करिअर अँड आइव्ह्ज या छापखान्याच्या चित्रांमुळे ते सामान्य घरांच्या भिंतींवर पोहोचले. आयर्विंग यांच्या मृत्यूनंतर, १८६४ मध्ये क्रिस्टियन शुसेल यांनी 'सनीसाइड'मध्ये जमलेल्या लेखकांच्या मेळाव्याचे प्रसिद्ध चित्र काढले; असा मेळावा प्रत्यक्षात कधीच भरला नव्हता.

चित्राबाहेरील माणसे आणि आगगाडी

या रम्य चित्रात तीन गोष्टी सहसा येत नाहीत. पहिली म्हणजे घर चालविणारी माणसे. आयर्विंग अविवाहित होते. भाऊ एबेनेझर आणि त्यांच्या मुली 'सनीसाइड'मध्ये राहत. वरकरणी एका लेखकाचा एकांतवास वाटणारे हे जीवन पुतण्यांच्या गृहव्यवस्थापनावर आणि स्वयंपाकघर, बाग व शेत सांभाळणाऱ्या नोकरांच्या श्रमांवर उभे होते.

दुसरी गोष्ट आगगाडी. १८४९ मध्ये हडसन रिव्हर रेल्वेचा मार्ग घर आणि नदी यांच्यामधून गेला. आयर्विंग यांना इंजिनाच्या गोंगाटाचा त्रास झाला. पण शहरातील पाहुणे याच गाडीने सहज येऊ लागले आणि १८५४ मध्ये शेजारच्या गावाने आयर्विंग्टन हे नाव घेतले. खेड्याची शांतता जिने भंग केली, तिनेच ती शांतता पाहण्याजोगी आणि विकण्याजोगीही केली. ग्रामीण जीवनाची ओढ ही औद्योगिक शहराचीच निर्मिती होती, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडेल.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ज्या कुळाच्या घराचे 'सनीसाइड' झाले ते मुळात फिलिप्सबर्ग या विस्तीर्ण जहागिरीतील होते. धान्य व्यापाराबरोबर गुलामांच्या व्यापारातही गुंतलेल्या फिलिप्स घराण्याची ती मालमत्ता होती. १७५० मध्ये ॲडॉल्फ फिलिप्स यांच्या मृत्यूनंतर केलेल्या मोजदादीत तेथील २३ गुलाम आफ्रिकन स्त्री-पुरुष व मुले यांची नोंद आहे. घराण्याने क्रांतियुद्धात ब्रिटिश राजाची बाजू घेतल्याने १७७९ मध्ये जहागीर जप्त झाली. न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी मात्र १८२७ पर्यंत पूर्णपणे संपली नाही. आयर्विंग यांच्या स्लीपी हॉलोच्या कथेत वॅन टॅसल यांच्या घरच्या समारंभात कृष्णवर्णी माणसे आहेत. एक वादक म्हणून, बाकीची दारा-खिडक्यांतून नाच पाहणारी म्हणून. सुखी डच खेड्याच्या या चित्रात त्यांना खिडकीपलीकडे जागा नाही.

घरापासून संग्रहालयापर्यंत

२८ नोव्हेंबर १८५९ रोजी आयर्विंग यांचे याच घरात निधन झाले. वास्तू पुढे कुटुंबाकडेच राहिली आणि १८९०च्या दशकात वारसांनी तिला एक मोठा भाग जोडला. १९४५ मध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी ती खरेदी केली आणि १९४७ मध्ये ती जनतेसाठी खुली झाली. १९६२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आयर्विंग यांच्या काळातील रूप परत आणण्यासाठी वारसांनी जोडलेला भाग पाडण्यात आला. हा निर्णय समजण्यासारखा असला तरी त्यातील विरोधाभास उघड आहे. १८३५ मध्ये रचलेला जुनेपणा 'अस्सल' म्हणून राखला गेला आणि त्या घरात कुटुंब प्रत्यक्ष जगले त्या नंतरच्या दशकांचा पुरावा नाहीसा झाला. संग्रहालयात पुढे अनेक वर्षे डिसेंबरमध्ये हिरव्या फांद्यांची सजावट करून आयर्विंग यांच्या नाताळ-लेखांवर आधारित कार्यक्रम होत राहिले. यॉर्कशायरमधील एक काल्पनिक वाडा अशा रीतीने हडसनकाठच्या खऱ्या घरात अवतरला.

कल्पनेने भूगोल बदलण्याची ही प्रक्रिया येथेच थांबली नाही. १९९६ मध्ये नॉर्थ टॅरीटाऊन येथील जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी मतदारांनी गावाला स्लीपी हॉलो हे कथेतील नाव देण्याचा कौल दिला. मोटारींचे उत्पादन संपले तेथे लेखकाची कथा हे अर्थार्जनाचे साधन ठरले. दुसऱ्या बाजूने, 'सनीसाइड' सांभाळणारी हिस्टॉरिक हडसन व्हॅली हीच संस्था फिलिप्सबर्गचेही संग्रहालय चालविते आणि तेथे गुलामांचा इतिहास मुख्य विषय म्हणून मांडते. काही मैलांच्या अंतरावरील या दोन वास्तू एकत्र पाहिल्याशिवाय त्या परिसराचा इतिहास पुरा होत नाही.

निष्कर्ष

'सनीसाइड' बनावट आहे असा वरील विवेचनाचा अर्थ नाही. आयर्विंग यांनी आपल्या कलाकृतीसारखेच ते घर रचले आणि रचल्याची गोष्ट फारशी लपविलीही नाही. ब्रेसब्रिजच्या अंगणातील उपरोध आणि स्ट्रॅटफर्डच्या खुर्चीची थट्टा लिहिणारा लेखक स्वतःच्या वातकुक्कुटांबाबत अजाण असणे संभवत नाही. अडचण निर्माण होते ती जतनाच्या टप्प्यावर, जेव्हा उपरोध गळून पडतो आणि केवळ सजावट उरते.

म्हणून लेखकाच्या घराचे जतन करणाऱ्या संस्थांनी आणि तेथे विद्यार्थ्यांना नेणाऱ्या अध्यापकांनी वास्तूचा कोणता काळ राखला आहे, त्यासाठी कोणता काळ पुसला आहे आणि घर उभे ठेवणारी माणसे कथनात कोठे आहेत, हे प्रश्न नेमाने विचारले पाहिजेत. या प्रश्नांनी सुट्टीतील भेटीचा आनंद उणावत नाही. ज्या लेखकाने मालकाच्या पाठीमागे डोळा मारणारे शेतकरी टिपले, त्याचे घर इतक्या डोळसपणे पाहणे हा त्याच्या लेखनाचा उचित सन्मानच ठरेल.