ग्राहकनिष्ठेचे मानसशास्त्र : बंगळुरूचे दूध आणि इडली

गुजरातच्या ‘अमूल’ने ५ एप्रिल २०२३ रोजी बंगळुरूमध्ये दूध व दही विकण्याची घोषणा केली आणि शहरात अनपेक्षित वादळ उठले. कर्नाटक दूध महासंघाच्या ‘नंदिनी’च्या बचावासाठी समाजमाध्यमांवर मोहीम सुरू झाली. केवळ नंदिनीचेच दूध वापरण्याचे आवाहन शहरातील हॉटेलमालकांच्या संघटनेने केले. १० मे रोजी विधानसभेची निवडणूक असल्याने राजकीय पक्षही त्यात उतरले.

त्या वेळी नंदिनीचे टोन्ड दूध ३९ रुपये लिटर, तर अमूलचे सुमारे ५४ रुपये होते. दरातील एवढा फरक पाहता स्वस्त दुधाच्या बचावासाठी भावनेची गरज पडू नये. तरीही ती उफाळून आली, याची कारणे मानसशास्त्रात सापडतात.

वारंवार दृष्टीस पडणारी गोष्ट आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. रोज पहाटे दारात येणारी पिशवी या नियमाचे उत्तम उदाहरण ठरावे. मात्र ही झाली सवय. सवयीचे निष्ठेत रूपांतर होते ते बहुधा ती वस्तू हिरावली जाण्याची भीती निर्माण झाल्यावर. कानेमन व ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या सिद्धान्तानुसार मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख अधिक तीव्र असते. नंदिनीमागे सुमारे २५ लाख दूध उत्पादक उभे असल्याने ही हानी केवळ चवीची राहिली नाही. ती ‘आपल्या माणसां’ची वाटू लागली. कोल्हापूरकरांना ‘गोकुळ’विषयी वाटणारी आपुलकी आठवल्यास हे सहज उमगेल.

विश्वासाची गोष्ट निराळी. तो संकटात कमावला जातो. १९२४ मध्ये मय्या कुटुंबाने सुरू केलेल्या मावळ्ळी टिफिन रूम्सने, म्हणजेच ‘एमटीआर’ने, दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई असताना रवा इडली तयार केली, असे सांगितले जाते. आणीबाणीच्या काळात सरकारने पदार्थांचे दर बांधून दिले. त्या दरात दर्जा राखणे परवडेना, तेव्हा उपाहारगृह बंद ठेवून मालक तयार पिठांच्या व्यवसायाकडे वळले. दर्जा घसरू देण्यापेक्षा दार बंद करणारा दुकानदार ग्राहक सहसा विसरत नाही. पुढे उपाहारगृह पुन्हा उघडले. २००७ मध्ये पाकीटबंद पदार्थांचा उद्योग नॉर्वेच्या ‘ऑर्क्ला’कडे गेला, उपाहारगृहे मात्र कुटुंबाकडेच राहिली. लालबाग रस्त्यावर आजही लोक जागेसाठी ताटकळतात. गांधी बाजारातील १९४३ चे ‘विद्यार्थी भवन’ दुपारी काही काळ बंद असते. पुणेकर वाचकांना याचे नवल वाटू नये!

निष्ठेलाही मर्यादा असते. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले, की असमाधानी ग्राहकापुढे दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा तक्रार करणे. निष्ठावंत आधी तक्रार करतो. त्यामुळे विक्रेत्याला सुधारण्यास अवधी मिळतो, पण तो अवधी अमर्याद नसतो. एप्रिल २०२५ मध्ये नंदिनीचे दूध लिटरमागे चार रुपयांनी महागले आणि नाराजीचे सूर उमटले. त्याच वर्षी जूनमध्ये मेट्रोच्या दहा स्थानकांवर अमूलला विक्रीकेंद्रे दिल्याचे कळताच जुना वाद पुन्हा पेटला. अखेर सुरू झालेली दोन केंद्रे वगळता उर्वरित आठ जागा नंदिनीला देण्याचे राज्य सरकारने जाहीर केले.