दोनशेचा आकडा

माझा खालाजाद भाऊ अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी तो आपली रोजचीच गाडी घेऊन एका मोकळ्या मैदानात जातो. तिथे नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखलेली असते. एका वेळी एकच गाडी सुटते, साधारण मिनिटभरात फेरी संपते आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शंकू पडला की दोन सेकंद दंड. या हौशी खेळाचे नाव ऑटोक्रॉस. फोनवर तो इंजिनाबद्दल कमी आणि टायरबद्दल जास्त बोलतो. मी एकदा विचारलेच, "एवढं काय आहे त्या टायरमध्ये?" तो म्हणाला, "भाईजान, आमची सगळी भांडणं टायरचीच आहेत." त्या भांडणांचा इतिहास मी वाचून काढला. तो मला वाटला त्यापेक्षा जवळचा निघाला.

अमेरिकेत या खेळाची मोठी संघटना म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका. तिची स्थापना 1944 ची आणि ऑटोक्रॉसची राष्ट्रीय स्पर्धा 1973 पासूनची. या स्पर्धेत 'स्टॉक' नावाचा एक गट होता. साध्या माणसाने शोरूममधून घेतलेली गाडी फारशी न बदलता पळवावी, ही त्यामागची कल्पना. टायरला मात्र मोकळीक होती. रस्त्यावर चालवायला कायदेशीर असल्याचा शिक्का त्यावर असला की झाले.

टायर कंपन्यांनी ही फट ओळखली. हूजियरसारख्या कंपन्यांनी शिक्का असलेले, पण आतून शर्यतीचेच असलेले मऊ रबराचे टायर बाजारात आणले. रस्त्याला ते डिंकासारखे चिकटत, पण लवकर संपत. मग ज्याला जिंकायचे त्याला शर्यतीपुरता वेगळा संच आणि वेगळी चाके घ्यावी लागत. मैदानावर पोहोचल्यावर जॅक लावून चाके बदलायची, घरी निघताना पुन्हा बदलायची. गाडी साधी राहिली, खर्च साधा राहिला नाही.

शेवटी 2014 मध्ये 'स्टॉक' गट जाऊन 'स्ट्रीट' गट आला. आता टायर रस्त्याचेच हवेत, असे ठरले. पण रस्त्याचा टायर ओळखायचा कसा? त्यासाठी नियमाने टायरच्या कडेवर छापलेल्या एका आकड्याचा आधार घेतला. त्याला ट्रेडवेअर म्हणतात. 'स्ट्रीट टूरिंग' नावाच्या दुसऱ्या गटात आधीपासून किमान 140 ची अट होती. पुढे हा आकडा 200 वर स्थिरावला.

हा आकडा मुळात शर्यतीसाठी नव्हताच. 1966 च्या अमेरिकन वाहन सुरक्षा कायद्याने टायरची प्रतवारी ग्राहकाला कळावी अशी सोय करायला सांगितले, त्यातून तो पुढे आला. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ 400 मैलांचा ठरलेला रस्ता आहे. त्यावर गाड्यांचा ताफा एकूण 7200 मैल चालवतात आणि टायरची झीज एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात. प्रमाण 100 धरले तर 200 चा टायर दुप्पट टिकायला हवा. मात्र टायरवर अंतिम आकडा छापते ती कंपनीच. शिवाय ही चाचणी शांतपणे चालवलेल्या गाडीची. वळणावर घसरत, तापत जाणाऱ्या टायरचे काय होते, हे त्या रस्त्यावर कळत नाही.

पुढे काय झाले असेल, हे कोणताही शिक्षक सांगेल. कडेवर 200 छापलेले, पण स्वभावाने शर्यतीचे टायर येऊ लागले. 2015 मध्ये ब्रिजस्टोनचा आरई-71आर अमेरिकेत आला, त्यानंतर योकोहामाचा ए052. दोन्ही नियमात बसणारे, दोन्ही भलतेच चिकट आणि शर्यतीत झपाट्याने झिजणारे. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्पर्धक फवारणीच्या पंपाने टायरवर पाणी मारून ते थंड करतात, हे दृश्य आता नेहमीचे आहे.

कोणताही शिक्षक म्हणालो, कारण आमच्याकडेही असा एक आकडा आहे. दहावीला भाषेच्या विषयांत शाळेने द्यायचे 20 गुण. 2019 ला ते काढले, तर राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते परत आले आणि निकाल 95.30 झाला. इतर कारणेही होती, पण मुले एका वर्षात मंद आणि पुढच्या वर्षी हुशार होत नसतात. ज्याचा फायदा आहे त्याच्याच हाती आकडा दिला, की असे होते. मी स्वतः ते गुण भरले आहेत, म्हणून हे कुणा दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही.

तरीही तो नियम फुकट गेला असे मी म्हणणार नाही. भाऊ आज ज्या टायरवर शर्यत करतो, त्याच टायरवर घरी येतो. वेगळी चाके आणि मैदानावरची अदलाबदल त्याला लागत नाही. नवख्या माणसाला दार थोडे उघडे झाले. पण पहिल्या तिघांत यायचे तर वर्षातून किती संच घेता, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

मागच्या आठवड्यात त्याने नवे टायर घेतल्याचे सांगितले. मी विचारले, "किती टिकतील?"

तो हसला. "भाईजान, कडेवर तर दोनशे लिहिलंय."